सहा बाय आठचा हॉल

"शेजार बघा आधी, बडेबाबू. माणूस मग."

असं म्हणून गणिताच्या मॅडम पेन्सिलचं मागचं टोक कागदावर दोनदा आपटायच्या. कागद चौकटींचा, पहिलीतल्या मुलांच्या गणिताच्या वहीत असतो तसा. चष्मा नाकावरून खाली आलेला, ओढणीचं एक टोक टेबलावर, आणि तोंडात एखादा भाजलेला शेंगदाणा. परीक्षेच्या दिवसांत माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर हे दृश्य मी बारा-तेरा वर्षं पाहिलं.

इंदूरच्या एका सरकारी कॉलेजात मी बाबू होतो. आमच्याकडे हेडक्लार्कला बडे बाबू म्हणतात. त्यामुळे घरचं नाव फक्त घरच्यांच्या आणि पगारपत्रकाच्या कामाचं. बाकी सगळ्यांसाठी मी बडेबाबू. त्या गणित शिकवत. हुद्दा 'अतिथी विद्वान'. हा आमच्या सरकारचा शब्द आहे, माझा नाही. कायम नोकरी नाही, दरवर्षी नव्याने बोलावणं. त्या वीस वर्षं अशा पाहुण्या होत्या. कोणी नवीन माणूस विचारायचा, "मॅडम, आप यहाँ परमानेंट हैं?" तर त्या म्हणायच्या, "नाही हो, पाहुणी आहे. चहा पिऊन निघणार आहे." पहिली काही वर्षं याच्यावर सगळे हसत. पुढे मॅडमनी हे बोलणं सोडलं नाही, पण बाकीच्यांचं हसणं थांबलं.

त्यांचं घर जुन्या इंदुरात, माझं बडा गणपतीला. दोघांचेही पूर्वज दरबारच्या चाकरीतले. त्यांचे दफ्तरात, माझे फौजेत. "म्हणून तर तुम्ही सगळीकडे किल्ल्या वाजवत फिरता," त्या म्हणायच्या, "आणि मी कागद काळे करते." किल्ल्यांचा मोठा जुडगा माझ्या हातात खरंच असायचा. कॉलेजच्या एकूण एक खोलीची किल्ली माझ्याकडे होती.

आता त्या चौकटीच्या कागदाबद्दल सांगतो. तुम्हीही कधीतरी परीक्षेला बसला असाल. आपला नंबर कुठे आहे हे बाहेर चिकटवलेल्या तक्त्यावर शोधलं असेल. हा तक्ता कोणीतरी बनवत असतं, हे तेव्हा कोणाच्या मनातही येत नाही. आमचा मोठा हॉल पहिल्या मजल्यावर. आडव्या ओळीत सहा टेबलं, अशा आठ ओळी. एकाच वेळी तीन-चार वर्गांचे पेपर. नियम एवढाच की एकाच पेपरची दोन मुलं लागून येता कामा नयेत. ना आजूबाजूला, ना मागेपुढे. तिरपी आली तर चालतात. आधीच्या सरांच्या काळात हे काम अंदाजाने चालायचं आणि पेपर सुरू झाल्यावर मुलांना उठव-बसव करावी लागायची. मॅडमनी काम हातात घेतलं त्या वर्षापासून एकही मूल उठवावं लागलं नाही. ज्या वर्गाची मुलं जास्त, त्यांचे ठिपके त्या आधी मांडायच्या. मग उरलेल्या चौकटींत बाकीचे.

एका दुपारी मी सहज म्हणालो, "मॅडम, एवढा विचार कशाला? दोन-चार तऱ्हा असतील, आलटून पालटून लावायच्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आपण कोणाला आपलं गाव दाखवायला नेतो आणि तो गाडीतून उतरायलाच तयार नसतो, तेव्हा बघतो ना, तसं. मग कागदावर चार चौकटी काढल्या. दोनवर दोन. माझ्यासमोर शेंगदाणे ठेवले.

"दोन दाणे लागून नकोत. किती प्रकारे ठेवाल?"

मी ठेवून बघितले. एकेक दाणा चार ठिकाणी, म्हणजे चार. तिरपे दोन, ते दोन प्रकारे. "सहा," मी म्हणालो.

"सात."

"सातवी कुठली?"

"एकही दाणा नाही, ती."

"असं कसं? कोणी बसलंच नाही तर त्याला बैठक कसं म्हणायचं?"

"हओ, पण नियम मोडला का कोणी? नाही ना. मग ती पण एक धरायची." आणि त्यांनी समोरचे दाणे खाऊन टाकले.

त्या दिवशी मला कळलं की बाईंना हा नाद आहे. तक्ता तर त्या अर्ध्या तासात करायच्या. उरलेला वेळ त्या मोजत बसायच्या. तीनवर तीनच्या चौकटीत त्रेसष्ट तऱ्हा. मी म्हटलं, चारवर चार? तर म्हणाल्या, "बाराशे चौतीस." हा आकडा स्टाफरूममध्ये फार गाजला. फिजिक्सचे एक सर होते, मोठ्याने बोलणारे. ते म्हणाले, "क्या मॅडम, एक दोन तीन चार? मजाक आहे का? उत्तर असं असतं का कुठं?" सगळे हसले.  दुसऱ्या दिवशी मॅडम चार पानं लिहून घेऊन आल्या. एका ओळीत चार खण, त्याच्या आठ तऱ्हा. प्रत्येक तऱ्हेखाली दुसरी ओळ कुठली चालेल, कुठली नाही. दोन ओळींच्या एकेचाळीस. तीन ओळींच्या दोनशे सत्तावीस. चौथ्या ओळीला बाराशे चौतीस. सर चहाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी पानं उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "अरे मॅडम, मान गए, पर इसका फायदा क्या?" त्या पानं गोळा करून माझ्या खोलीत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"याला सूत्र नसतं का?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"नाही. कितीही मोठी चौकट घ्या आणि फटकन उत्तर काढा, असं सूत्र कोणालाच सापडलेलं नाही अजून. मोजावंच लागतं. ओळीखाली ओळ." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "एक सोय आहे फक्त. नवी ओळ मांडताना फक्त आधीची ओळ बघायची. त्याच्या मागचं सगळं विसरलं तरी चालतं."

तेव्हा त्या दमलेल्या दिसल्या. पण त्या नेहमीच थोड्या दमलेल्या दिसायच्या. सकाळची शिफ्ट, दुपारी दुसऱ्या एका संस्थेत तास, घरी अंथरुणाला खिळलेली आई. आई गेल्यावरही तो थकवा तसाच राहिला. इतक्या वर्षांत तो अंगात मुरला असावा.

माझ्या मुलीच्या लग्नात मी त्यांच्याकडून एक काम करून घेतलं. जेवण बफेच होतं, पण आदल्या दिवशी घरच्यांची पंगत होती आणि आमच्या घरच्यांत कोण कोणाशी बोलत नाही याची यादी मोठी होती. मी ती खरोखर लिहून दिली. मॅडमनी चौकटींचा कागद घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "हे काका आणि हे मामा, समोरासमोर चालतील का?" मी म्हटलं, समोरासमोर तर मुळीच नाही. "मतलब नियम वाढला," त्या म्हणाल्या आणि खूश झाल्या. कागद सुंदर झाला. सगळे आपापल्या जागी बसले. वरणभातावर तूप वाढेपर्यंत शांतता होती. मग काका "इथं हवा लागत नाही" म्हणत उठले आणि पंख्याखाली, नेमके मामांच्या शेजारी जाऊन बसले. मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "बडेबाबू, माणसांचं काही सांगता येत नाही. दाणे ठेवल्या जागी राहतात."

विशेष म्हणजे त्या पंगतीत काका-मामा भांडले नाहीत. जिलबीपर्यंत एकमेकांना आग्रह करायला लागले होते. मॅडमना ते पटलं नाही. योगायोग म्हणाल्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. आतापर्यंतचं त्याच्यासाठीच चाललं होतं, पण जीभ तिकडे लवकर वळत नाही.

मे महिना. सकाळी सातचा पेपर. मी साडेसहाला हॉल उघडला. मुलं येऊन बसायला लागली होती. चौथ्या ओळीतल्या तिसऱ्या टेबलावर वरच्या कूलरच्या पाइपमधून पाणी टपकत होतं. तिथे एक मुलगी उभी होती, हातातल्या रुमालाने टेबल पुसत. पुसलं की परत थेंब पडायचा. पर्यवेक्षक अजून आले नव्हते. मुलगी मला म्हणाली, "सर, कॉपी गीली हो जाएगी." कॉपी म्हणजे आमच्याकडे उत्तरपत्रिका. सहाव्या ओळीत खिडकीशी एक टेबल रिकामं दिसलं. मी म्हटलं, जा, तिकडे बैस. ती बसली. खाली उत्तरपत्रिकांचे गठ्ठे माझी वाट बघत होते. मी किल्ल्या घेऊन खाली गेलो.

टेबल बदललं तर रजिस्टरमध्ये लिहून सही करायची असते. मी लिहिलं नाही. खाली गेल्यावर लिहीन म्हटलं आणि विसरलो. तिच्या नव्या जागेच्या शेजारी कोण बसलंय, हे बघायचं तर माझ्या मनातच आलं नाही. इतकी वर्षं समोर बसून ऐकत होतो, तरी आलं नाही.

शेजारी तिच्याच वर्गातली मुलगी होती. तोच पेपर.

आठच्या सुमारास भरारी पथक आलं. आमच्याकडे त्याला उडनदस्ता म्हणतात. त्यांना त्या दोघींच्या मध्ये फरशीवर एक चिठ्ठी सापडली. दोघींनाही उठवलं, नव्या उत्तरपत्रिका दिल्या, फॉर्म भरून घेतले. नकलेचं प्रकरण झालं.

शेजारच्या मुलीने दुसऱ्याच दिवशी रडत कबूल केलं की चिठ्ठी तिची. प्रश्न उरला पाणी टपकणाऱ्या टेबलावरच्या मुलीचा. बेटम्याहून रोज पहाटेच्या बसने यायची ती. बाप तिथल्या मंडीत हमाल. शेवटचं वर्ष. बाहेरच्या तक्त्यावर तिचा नंबर चौथ्या ओळीत आणि ती सापडली सहाव्या ओळीत, मैत्रिणीला खेटून. मग तर सरळच झालं ना? मुद्दाम जागा बदलली. वर्षभराची परीक्षा रद्द होऊ शकत होती.

चौकशीला तीन जण बसले. प्राचार्य आणि बाहेरून आलेले दोघे. मुलीला आधी बोलावलं. ती म्हणाली, "मुझे एक सर ने वहाँ बिठाया था." कोण सर? नाव माहीत नाही. "ये तो सब कहती हैं," असं उत्तर तिला मिळालं आणि तिला बाहेर बसवलं. हे मला नंतर कळलं. मला फाइल घेऊन आत बोलावलं तेव्हा मॅडम आधीच तिथे बसल्या होत्या. तक्त्याखाली सही त्यांची, म्हणून.

बाहेरून आलेल्यांपैकी एकाने मला विचारलं, "बड़े बाबू, उस दिन कोई टेबल बदला गया था क्या?"

माझी एक जुनी विभागीय चौकशी त्याच वर्षी मिटली होती. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांची ती भानगड होती, माझी चूक अर्धीच होती, पण तीन वर्षं ती माझ्या उशाशी होती. निवृत्तीला तीनच वर्षं राहिली होती. हे सगळं त्या एका क्षणात मनात आलं असं म्हणणं खोटं ठरेल. मनात काही आलंच नाही. तोंडातून निघून गेलं:

"सर, रजिस्टर में तो कोई एंट्री नहीं है."

हे वाक्य खरं होतं. चौतीस वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाला अशी खरी वाक्यं आपोआप येतात.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्या समितीकडे वळल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "एंट्री मिळणार नाही. मी बसवलं तिला तिथे. टेबलावर पाणी पडत होतं. लिहायचं राहिलं माझ्याकडून."

"आपने? आपने आजू-बाजू नहीं देखा?"

"नहीं देखा."

"मैडम, प्लान तो आपका ही है. यही तो आपका काम है."

"जी. मेरी गलती है."

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. मुलगी तर 'सर' म्हणाली होती, त्यामुळे त्यांना ते खरं वाटलं नसावं. पण लिहून घ्यायला ते सोयीचं होतं. अर्ध्या तासात मुलगी सुटली. तिचा पेपर तपासायला जाईल असं ठरलं. बाहेर बाकावर ती बसली होती, ओढणीचं टोक पिळत. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला, "जा, तुझी बस निघून जाईल," म्हणाल्या. मी किल्ल्या खिशात घालून उभा होतो. आवाज होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांना पत्र मिळालं. परीक्षेच्या कामातून मुक्त. सेवा-फाइलमध्ये नोंद. ते पत्र टाइप करण्याचं काम माझ्याकडेच आलं. मी एकही चूक न करता टाइप केलं.

चार दिवस मी त्यांच्यासमोर गेलो नाही. पाचव्या दिवशी त्या स्वतःच आल्या, आपले चौकटीचे कागद घेऊन जायला. कपाटाची किल्ली मी काढून दिली. त्या कागद पिशवीत भरत होत्या तेव्हा मी विचारलं, "मॅडम, तुम्ही असं का केलंत? माझं नाव का नाही घेतलं?"

"मुलीने सांगितलं होतं मला बाहेर. नाव माहीत नव्हतं तिला. म्हणाली, हाथ में चाबियाँ थीं."

"मग?"

 त्यांनी कागद नीट टोकाला टोक लावून ठेवले.

"मतलब कसं आहे ना, बडेबाबू. मी तुमचं नाव घेतलं असतं तर त्यांनी तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही हो म्हणाला असता, तर मुलगी सुटली असती. तुम्ही नाही म्हणाला असता, तर मी खोटी, मुलगी खोटी, आणि तिचं वर्ष गेलं. मी दोन्ही बाजू धरून बघितल्या. मुलगी पक्की सुटेल अशी एकच तऱ्हा होती."

"मी नाही म्हणालो नसतो," मी म्हणालो.

"एंट्री नाही, असं म्हणालात तुम्ही."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आकडा वाचून दाखवावा तसं त्या बोलल्या. मला वाचवायला त्या खोटं बोलल्या असतील, असं मी चार दिवस मनाशी धरून बसलो होतो. त्याची लाज वाटत होती, पण त्यात कुठेतरी ऊबही होती. ती त्या क्षणी गेली. त्यांच्या हिशेबात मी भरवसा ठेवण्यासारखा नव्हतो, एवढंच. आणि हिशेब बरोबर होता.

मी त्याच दुपारी प्राचार्यांकडे गेलो हेही सांगतो, नाहीतर तुम्ही माझ्याबद्दल आहे त्याहून वाईट मत कराल. आत जाऊन मी सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "बड़े बाबू, रिपोर्ट ऊपर जा चुकी. अब आप बोलोगे तो मैडम पर झूठे बयान का केस बनेगा, लड़की का मामला फिर खुलेगा. किसका भला करोगे?" मी माझ्या टेबलाशी परत आलो. खोटं कशाला बोलू, थोडा सुटल्यासारखाही झालो.

त्यानंतर त्या कॉलेजात वर्षभर होत्या. वर्गावर यायच्या, जायच्या. माझ्या टेबलासमोर बसल्या नाहीत. नमस्कार करायच्या, मी करायचो. तक्ते आता कॉम्प्युटरवर निघत होते आणि पेपर सुरू झाल्यावर मुलांना परत उठव-बसव करावी लागत होती. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा मी विचारलं, "अजून मोजता का?" म्हणाल्या, "सहावर सहाचं झालं. पंचावन्न लाखांच्या वर गेलं. पूर्ण हॉलचं बाकी आहे, नऊ आकडी येईल." मग जिना चढताना मध्येच थांबल्या, कठडा धरून. "डोळे साथ देत नाहीत आता."

पुढच्या वर्षी दुसरीकडून बदली होऊन एक कायम प्राध्यापक गणिताला आले. कायम माणूस आला की पाहुण्याला उठावं लागतं. याला आमच्याकडे कागदोपत्री शब्द आहे, 'फॉलन आउट'. वीस वर्षांनंतर त्या फॉलन आउट झाल्या. पुन्हा अर्ज, पुन्हा कॉलेजांची यादी. इंदुरातली जागा मिळाली नाही. फाइलमधल्या त्या नोंदीमुळे का, ते मला सांगता येणार नाही; कोणी तसं लिहून देत नाही. त्यांना झाबुआच्या पलीकडचं एक कॉलेज मिळालं. सोमवारी जायचं, शनिवारी परत. निरोप समारंभ झाला नाही. अतिथींचा करत नाहीत.

बेटम्याची मुलगी पास झाली. गुणपत्रिका घ्यायला आली तेव्हा तिने पेढे आणले होते. "वो मैथ्स वाली मैडम कहाँ मिलेंगी?" असं तिने मलाच विचारलं. मला ओळखलं की नाही, माहीत नाही. मी घराचा पत्ता लिहून दिला. एक पेढा तिने माझ्याही हातावर ठेवला. तो मी खाल्ला. काय करणार होतो?

निवृत्तीआधीच्या शेवटच्या महिन्यात मी एक अर्ज लिहिला. अमुक दिवशी अमुक नंबरच्या विद्यार्थिनीची जागा मी बदलली, मॅडमचा त्यात दोष नव्हता, त्यांच्या फाइलमधली नोंद काढावी. तेव्हाचे प्राचार्य बदलून गेले होते. नवीन प्राचार्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला. "कौन मैडम?" त्यांनी विचारलं. मग कोपऱ्यात लिहिलं, 'नस्तीबद्ध'. म्हणजे फाइलला लावून टाका. मी स्वतःच तो फाइलला लावला आणि एक नक्कल घरी आणली.

ती नक्कल घेऊन मी एका रविवारी दुपारी जुन्या इंदुरात गेलो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. दार त्यांनीच उघडलं. केस बरेच पांढरे झालेले. कोपऱ्यात प्रवासाची बॅग अर्धी उघडी, धुतलेले कपडे खुर्चीवर.

"या, बडेबाबू. बसा. चहा टाकते." जशी मधली तीन वर्षं झालीच नव्हती. गॅसवर पातेलं ठेवून त्या समोर येऊन बसल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट फिरवत सावकाश वाचला. एका ठिकाणी बोट थांबलं.

"पाचवी ओळ लिहिलंय तुम्ही. चौथी होती."

"चौथी?"

"चौथी ओळ, तिसरं टेबल." त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. "छान लिहिलंय. पण आता कोणाला दाखवायचं हे?"

"तुम्हाला," मी म्हणालो.

त्या थोडं हसल्या. मग म्हणाल्या, तिकडची मुलं चांगली आहेत, गणिताला घाबरतात, पण येतात. बसला सहा तास लागतात. रस्ता खराब आहे. पाठ दुखते. काल रात्री आले, उद्या परत. एवढं बोलून त्यांनी डोकं मागे भिंतीला टेकवलं. मी मान खाली घालून बोलायला सुरुवात केली. इतकी वर्षं मनात जुळवत आलो होतो ते सगळं. त्या सकाळी मी खाली का गेलो, ते वाक्य तोंडातून कसं गेलं, तुम्ही टाकलेली नजर मला अजून कशी दिसते. माफी हा शब्द शेवटी आणायचा होता. तो येईपर्यंत मी वर बघितलं तर त्यांचे डोळे मिटले होते. तोंड किंचित उघडं. चष्मा नाकावर तसाच. त्यांना गाढ झोप लागली होती.

किती ऐकलं त्यांनी, मला कधी कळणार नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी खोल्या सोडल्या आणि तिकडेच राहायला गेल्या असं कोणीतरी सांगितलं. फोन लागला नाही.

त्या दुपारी मी त्यांना उठवलं नाही. चहा वर येत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं. चपला हातात घेऊन जिन्यापर्यंत गेलो, मग परत येऊन दार हळूच ओढून घेतलं.